शेठच्या अंघोळीचा ट्रे

मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे, मित्रांनो. दवाखान्यात मला किडनी ट्रे म्हणतात. माझा आकार घेवड्याच्या दाण्यासारखा आहे, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने आत गेलेला. ही आत गेलेली बाजू पेशंटच्या गळ्याशी किंवा कुशीशी अगदी बेतल्यासारखी बसते. माझ्या काठाला एक पोचा आहे. तो कसा आला तेही सांगेन. इतकी वर्षं मला कुणी काही विचारलेलंच नाही, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच साठलं आहे.

एका कारखान्यात पत्र्याचा मोठा ताव यंत्राखाली सरकला, धाडकन आवाज झाला आणि मी जन्माला आलो. त्या दुपारी माझ्याबरोबर आणखी दोनशे भावंडं जन्मली. कुणी कुठे गेलं, कुणी कुठे. मी गेलो ते एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि तिथे माझी गाठ पडली सिस्टरशी.

तिचं नाव काही असेलच, पण सगळे तिला सिस्टरच म्हणत. शिस्त अशी की भले भले सर्जन तिच्यासमोर चपला नीट लावून ठेवायचे. तिचा एक नियम होता. नव्या मुली शिकायला आल्या की ती मला हातात उंच धरून सांगायची, "हा जंतुनाशकातून काढला की याला बोट लावायचं नाही. पुसायचं नाही. नळाचं पाणी तर अजिबात लावायचं नाही. नळाचं पाणी लावलंत की केलेलं सगळं पाण्यात. नुसतं निथळू द्यायचं. समजलं?" मुली माना डोलवायच्या. मी निथळत असायचो आणि ऐटीत चमकत असायचो. गर्व होताच मला, खोटं का बोलू? सबंध इमारतीत माझ्याइतकं स्वच्छ कुणी नव्हतं.

मी कापूस वाहिला, कात्र्या वाहिल्या, टाक्यांचे दोरे वाहिले. एकदा एका लहान मुलीच्या घशातून काढलेलं नाणं माझ्यात टण्णकन पडलं आणि थिएटरमधले सगळे एकदम हसले. तिची आई बाहेर रडत होती. सिस्टरने मलाच बाहेर नेऊन तिला ते नाणं दाखवलं. त्या बाईने माझ्यावरून हात फिरवला होता, अजून आठवतं.

आणखी एक दिवस आठवतो. पोटाचं मोठं ऑपरेशन चालू होतं. दारातून वॉर्डबॉय म्हणाला, "सिस्टर, घरून फोन आहे. मुलीला गोवर निघालाय. ताप उतरत नाहीये."

सिस्टरच्या हातात मी होतो. तिने मान वर केली नाही. "शेजारच्या वहिनींना म्हणावं, कपाळावर पट्ट्या ठेवा. मी सुटले की येते."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण तिच्या अंगठ्याने माझा काठ इतका घट्ट दाबला होता, की माझ्या जागी कुणाचा हात असता तर दुखला असता. ऑपरेशन आणखी तीन तास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सिस्टर पुन्हा ड्यूटीवर हजर होती. मुलगी बरी झाली म्हणे, आठवड्याने. पट्ट्या वहिनींनीच ठेवल्या.

पोच्याचं राहिलंच की. एका नवख्या सर्जनच्या हातून मी सटकलो आणि टेबलाच्या पायावर आदळलो. सिस्टर त्याला म्हणाली, "डॉक्टर, पेशंट तेवढा घट्ट धरा." बस, इतकंच म्हणाली. तो बिचारा महिनाभर तिच्यासमोर यायला कचरत होता.

मग कागदी ट्रे आले. वापरा आणि फेका. आम्हा स्टीलवाल्यांना एका खोक्यात भरून जिन्याखाली ठेवलं. त्याच महिन्यात सिस्टर निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ती म्हणाली, "घड्याळ ठेवा तुमच्याकडेच. मला तो पोचा आलेला ट्रे द्या." तिने खोकं उपसून मला शोधून काढलं आणि पिशवीत घालून घरी नेलं.

वाटलं होतं, घरी माझा थाट असेल. कसलं काय! दोन दिवस शोकेसमध्ये बसलो, तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या फळीवर. माझ्यात साबणाच्या चिपट्या, एक तुटका कंगवा आणि केस गळलेले दोन टूथब्रश. सिस्टर आठवड्यातून तीन दिवस नर्सिंगच्या शाळेत शिकवायला जायची आणि मी फळीवर बसून ओल धरायचो. तीन वर्षं गेली अशी.

मग मुलगी घरी राहायला आली. तीच, गोवरवाली. आता ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिची बदली आईच्याच शहरात झाली आणि ती आली ती दोन बॅगा आणि एक काचेची पेटी घेऊन. पेटीत एक हिरवागार, गलेलठ्ठ झाडबेडूक बसला होता. गळ्याखाली वळ्या, डोळे अर्धे मिटलेले, जेवण झाल्यावर गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारासारखा. त्याचं नाव शेठ.

"घरात बेडूक?" सिस्टर म्हणाली. "मी जन्मभर जंतू मारले, आणि तू हे घरात पाळणार?"

"आई, तो जंतू नाहीये. बेडूक आहे."

"तेच ते. ओला आहे ना?"

पण महिन्याभरात सिस्टर त्या पेटीसमोर चहा घेऊन बसायला लागली. मी न्हाणीघरातून ऐकायचो. "काय शेठ, आज धंदा कसा?" असं ती त्याला विचारायची, कुणी जवळपास नाही असं बघून.

कॉलेजला सुट्ट्या लागल्या आणि मुलीला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी जावं लागलं. शेठला नेणं शक्य नव्हतं. तिने एका कागदावर सगळं लिहून फ्रिजला चिकटवलं. पाणी एक दिवस उघडं ठेवलेलंच वापरायचं. रातकिडे आठवड्यातून तीनदा, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. सकाळ-संध्याकाळ पेटीत पाण्याचा फवारा. निघताना ती हसत म्हणाली, "आई, तू एवढ्या लोकांची सेवा केलीस. माझ्या या एकाची कर म्हणजे झालं."

ती गमतीने बोलली, पण सिस्टर हसली नाही. मुलगी गेल्यावर ती कितीतरी वेळ फ्रिजपाशी उभी होती. कागद तिने दोनदा वाचला. मग ती स्वतःशीच म्हणाली, "याला काही होऊ द्यायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

पाचव्या दिवशी शेठचं पाण्याचं मातीचं भांडं तिच्या हातून निसटलं आणि फुटलं. ती न्हाणीघरात आली, तिने माझ्यातल्या चिपट्या झटकल्या, मला उचललं, आणि माझं नशीब उघडलं.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. बादलीत जंतुनाशकाचं निळं पाणी, त्याचा तो ओळखीचा वास! तिने मला बुडवलं, बाहेर काढलं, काठावर उभं करून निथळू दिलं. बोट नाही, फडकं नाही, नळाचं पाणी नाही. मग माझ्यात शिळं पाणी ओतून मला पेटीत ठेवलं. संध्याकाळी शेठ काचेवरून खाली उतरला आणि माझ्यात येऊन बसला. त्याचं पोट गार होतं आणि मऊ होतं. मी आजवर लोखंड वाहिलं होतं, कापूस वाहिला होता, पण आपल्या पायांनी चालत येऊन माझ्यात बसणारं हे पहिलंच कुणीतरी. मला फार बरं वाटलं. रोज सकाळी मी बुडायचो, निथळायचो आणि रोज संध्याकाळी शेठ यायचा.

चौथ्या दिवसापासून त्याचं बिनसलं. रातकिडा नाकासमोरून गेला तरी त्याने जीभ काढली नाही. कात टाकायला लागला, आणि तीही रोज रोज, तुकड्या-तुकड्यांनी. मांड्यांच्या आतली कातडी लालसर दिसायला लागली.

सिस्टर घाबरली. आणि घाबरल्यावर तिने तेच केलं जे तिने तीस वर्षं केलं होतं. पेशंट आजारी, म्हणजे स्वच्छता दुप्पट. आता मी दिवसातून दोनदा निळ्या पाण्यात जाऊ लागलो. पेटीच्या काचाही त्याच पाण्याने. शेठला हात लावायच्या आधी हातांना स्पिरिट. मीही मनात म्हणत होतो, शाब्बास सिस्टर, आणखी स्वच्छ, आणखी! मूर्ख तो मूर्खच.

सातव्या दिवशी शेठ काचेला चिकटेना. मागचे पाय पसरून तो माझ्यात नुसता पडून राहिला. तिने मांडीला बोट लावलं तर पाय आत ओढायलाही त्याला वेळ लागला.

तिने त्याला ओल्या कागदाच्या घडीसकट प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं आणि रिक्षा बोलावली. पेशंटबरोबर ट्रे न्यायचा ही तिची जुनी सवय, म्हणून मलाही उघड्या पिशवीत घातलं.

जनावरांच्या दवाखान्यात बाकावर एक खोकणारा कुत्रा होता, दोन मांजरी होत्या आणि एक पोपट होता, जो सगळ्यांना "पुढचा!" म्हणत होता. डॉक्टर तरुण होत्या, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांनी हातमोजे घातले आणि ते साध्या पाण्यात ओले करून मगच शेठला उचललं. सिस्टरने ते पाहिलं. तिला नवल वाटलं, मला दिसलं.

डॉक्टरांनी त्याचं वजन केलं. अठ्ठावन्न ग्रॅम. कागदावर मुलीने जाताना सहासष्ट लिहिलं होतं. मग त्यांनी त्याचा जबडा हळूच चाचपला. "हाडं छान कडक आहेत. कॅल्शियम नीट मिळतंय. नुसतेच किडे घालतात लोक, मग हाडांची लुसलुशीत काडी होते." पोट चाचपलं. "खडा-बिडा गिळलेला नाही. डोळे स्वच्छ. पण हा लालपणा चांगला नाही. जंतुसंसर्ग असू शकतो. कातडीची बुरशीही असू शकते, ती फार वाईट. नमुना तपासायला पाठवते." त्यांनी कापसाची काडी त्याच्या पोटावरून, मांड्यांवरून फिरवली आणि एका नळीत बंद केली. "पाणी कसलं वापरता?"

"एक दिवस उघडं ठेवलेलं," सिस्टर म्हणाली.

"उत्तम. आणि स्वच्छता?"

सिस्टर ताठ झाली. "डॉक्टर, मी तीस वर्षं थिएटर सिस्टर होते. स्वच्छतेत माझ्याकडून तसूभर कमी पडणार नाही."

"मग प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि औषधाची बाटली शोधायला वळल्या. शोधता शोधता सहज बोलत होत्या. "असं आहे ना, बेडूक तोंडाने पाणी पीत नाहीत. कातडीने पितात. पोटाची, मांड्यांची कातडी पाण्याला टेकवून बसले की झालं. त्यामुळे पाण्यात जे असेल ते सगळं सरळ आत जातं."



सिस्टरच्या मांडीवरच्या पिशवीत मी होतो. तिचा अंगठा पिशवीच्या कापडावरून माझ्या काठावर आला आणि त्याने काठ दाबला. तस्साच. तीस वर्षांपूर्वी जसा दाबला होता तसाच. मला सगळं कळलं, मित्रांनो. तो माझ्यात बसून पीत होता. आणि मी त्याला काय पाजत होतो? माझी सगळी चमक, सगळी ऐट त्या क्षणी उतरली. वाटलं, जिन्याखालच्या खोक्यातच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी सुई भरली होती. सिस्टर एक शब्दही बोलली नसती तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं? बेडूक आजारी पडतात. मुलीला सांगता आलं असतं, संसर्ग झाला गं, खूप धडपड केली.

"थांबा डॉक्टर," ती म्हणाली. तिने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "हा त्याचा पाण्याचा ट्रे. मी हा रोज जंतुनाशकात बुडवते. गेले तीन दिवस तर दोनदा. आणि नंतर धुवत नाही. नुसता निथळते. पेटीही त्यानेच पुसते. आणि त्याला धरते ते स्पिरिट लावलेल्या हातांनी." तिने मला पुढे सरकवलं. "सगळं मीच केलंय."

डॉक्टरांनी मला नाकाशी नेलं. त्यांचे डोळे विस्फारले. "अहो सिस्टर!" मग त्यांनी सुई खाली ठेवली. "बरं झालं सांगितलंत. फार बरं झालं. मी आत्ता हे टोचून घरी पाठवलं असतं आणि तुम्ही घरी जाऊन त्याला परत त्याच पाण्यात बसवलं असतं. मग मात्र तो गेला असता."

"वाचेल?"

"आजचा दिवस कळीचा आहे. आधी आतलं विष धुऊन काढू. मला एक पसरट, गुळगुळीत भांडं लागेल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं.

"हा नको," सिस्टर पटकन म्हणाली. "हा डोळ्यांसमोर नको."

"का? स्टील आहे. दहा वेळा कढत पाण्याने खळबळला की त्याला काही चिकटून राहत नाही. ट्रेचा काय दोष?"

ट्रेचा काय दोष! हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवणार आहे. डॉक्टरांनी मला एकदा, दोनदा, दहादा धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला जंतुनाशकानंतर पाणी लावत होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मग माझ्यात क्षाराचं खास पाणी घातलं, खोलीइतकंच गार, शेठच्या हनुवटीखाली येईल एवढंच, आणि त्याला हलकेच बसवलं. दर दहा मिनिटांनी पाणी बदलायचं. सिस्टर बदलत होती. तासभर, दोन तास. बाहेर पोपट "पुढचा!" ओरडत होता आणि एकेक जण आत येऊन जात होता, आम्ही कोपऱ्यात आपले तिथेच.

दुपारी डॉक्टरांनी बोटाने शेठचा मागचा पाय ओढला. त्याने तो झटकन आत घेतला. आधी हळू घ्यायचा, आता झटकन. लोक म्हणतात, जीव भांड्यात पडला. मी तर स्वतःच भांडं. माझा जीव कुठे पडला काय सांगू, पण पडला खरा.

घरी जाताना डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. पेटीतली माती फेकून द्या, तिने जंतुनाशक शोषलंय. सध्या त्याला डब्यात ओल्या साध्या कागदावर ठेवा, अंधाऱ्या, शांत, गार जागी. दिवसातून तीनदा क्षाराच्या पाण्यात अंघोळ. पाठीवर औषधाचा एक थेंब, सात दिवस. खायला जबरदस्ती नको, मागेल तेव्हा द्या. आणि हात लावायचा तर ओल्या मोज्यांनीच.

सिस्टरने घरी गेल्यावर तक्ता आखला. थिएटरमध्ये असायचा तसा. वेळ, वजन, रंग, पाय, कात. मग तिने नर्सिंगच्या शाळेत फोन केला, आणि मग मुलीला. फोन तिने टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"शेठ आजारी आहे," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं. मी ट्रे जंतुनाशकात बुडवत होते. काही लपवत नाही, तुला राग आला तर तो बरोबरच आहे."

पलीकडून मुलगी हळू आवाजात म्हणाली, "चूक माझीही आहे. मी कागदावर लिहायला हवं होतं, भांडं साध्या पाण्याने धुवायचं म्हणून. मला वाटलं हे कुणालाही कळतं." मग ती म्हणाली, "तीनदा अंघोळ? पण तू शाळेत जाशील तेव्हा कोण घालणार?"

"मी घालणार. रजा टाकलीय."

"तू? रजा?"

"दहा दिवसांची."

"आई, माझ्या गोवरात नाही टाकलीस तू रजा."

मुलगी रागाने नाही बोलली. नुसतंच बोलून गेली, जसं एखादं जुनं सामान हलवताना मागचं काहीतरी खाली पडतं. सिस्टर टेबलाची कड धरून बसली होती.

"नाही टाकली," ती म्हणाली. "टाकायला हवी होती गं. चुकलंच माझं."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही. शेवटी मुलीने नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "बरं, आता त्याचं वजन सांग."

वजन रोज सांगितलं जाऊ लागलं. अठ्ठावन्न. पुन्हा अठ्ठावन्न. सत्तावन्न, त्या दिवशी सिस्टर जेवली नाही. मग साठ. चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, बुरशी नाही. सिस्टरने "बरं" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून पदरात तोंड खुपसून रडली. लालपणा रोज थोडा थोडा मावळत गेला. सातव्या सकाळी ती अंघोळीचं पाणी घेऊन आली तर शेठ डब्यात नव्हताच. झाकण जरा तिरकं राहिलं होतं आणि स्वारी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर चारी पाय चिकटवून बसली होती. सिस्टर ओरडलीच, "अरे चोरा!" तिने मोजे ओले केले आणि त्याला अलगद खाली उतरवलं. संध्याकाळी त्याने रातकिडा गटकन गिळला. तिने तक्त्यावर लिहिलं, "जेवला." आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मुलगी आली तेव्हा शेठ चौसष्टवर पोचला होता. तिने येताना त्याच्यासाठी नवं मातीचं भांडं आणलं होतं. मला वाटलं, झालं, आता आपली फळी आणि आपल्या चिपट्या. पण प्रवासात तिला सर्दी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सणकून ताप भरला.

त्या दिवशी सिस्टरचा शाळेचा वार होता. तिने आधी मला पातेल्यात घालून वीस मिनिटं खळखळ उकळलं. उकळणं मला लहानपणापासून आवडतं. मग तिने माझ्यात साधं गार पाणी घेतलं, जुन्या मऊ धोतराच्या चार पट्ट्या फाडल्या आणि मुलीच्या उशाशी बसली.

"अगं आई, मी काय लहान आहे? तू जा. मुली वाट बघतील."

"बघू देत," सिस्टर म्हणाली. तिने पट्टी पिळली आणि मुलीच्या कपाळावर ठेवली. मग दुसऱ्या हाताने फोन लावला. "मी आज येणार नाही. माझी मुलगी आजारी आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी बेडूक असेल, मासा असेल किंवा कुणीही असेल, त्याची काळजी घ्याल तेव्हा एवढं करा. तुम्हाला जे स्वच्छ वाटतं ते त्याला चालतं का, हे आधी विचारा. भांडं कशानेही धुवा, पण शेवटी साध्या पाण्याने खळबळून घ्या, दहा वेळा. आणि हातून काही चुकलं असेल तर डॉक्टरांना लक्षणांच्याही आधी ते सांगा. वेळ निघून जायच्या आत सांगितलेली चूक बरी करता येते. थोडा उशीर झाला तरी सांगा. मी एका घरात बघितलंय, तीस वर्षांनीसुद्धा चालतं.

ताप दुपारी उतरला. आता मी ओट्यावर पालथा आहे. निथळतोय, नळाच्या साध्या पाण्याने.